वल्ह्याचा आवाज

काशीच्या पांडे घाटाजवळ धोबी दगडांवर कपडे आपटत असतात. काठावर उभं राहून पाहिलं तर त्यात विशेष काही वाटत नाही. नावेत बसून सत्तरेक मीटर आत गेलं की मात्र डोळ्यांची आणि कानांची फारकत होते. कपड्याचा पिळा डोक्यावरून फिरून दगडावर आदळतो, तेव्हा काहीच ऐकू येत नाही. धोब्याचा हात पुन्हा वर निघालेला असतो, तेव्हा ‘थाड्’ असा आवाज कानावर येतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकते. म्हणजे एका चौकटीच्या वेळात आवाज जेमतेम १४ मीटर चालतो. सत्तर मीटरवरचा धोबी त्यामुळे पाच चौकटी उशिरा ऐकू येतो.

हे दृश्य संकलनाच्या टेबलावर आलं की पहिला प्रश्न उभा राहतो. हा आवाज ठेवायचा कुठे? बहुतेक संकलक तो पाच चौकटी मागे ओढून नेमका आघातावर बसवतात. प्रेक्षकाला ते खरं वाटतं, कारण पडद्यावर दिसणारा माणूस त्याच्या जवळ असतो. पण तोच आवाज होता तिथे राहू दिला, तर धोबी आणि आपण यांच्यामध्ये पाणी पसरतं, नदी रुंद होते, सकाळ थंड होते. आवाज तोच, पिळाही तोच. पाच चौकटींच्या फरकाने कुणाच्या बाजूला उभं राहून पाहायचं ते बदलतं. या पुस्तकाचा सगळा विषय त्या पाच चौकटींत आहे.

मराठीत सिनेमावर भरपूर लिहिलं गेलंय. दिग्दर्शकांवर, नटनट्यांवर, गाण्यांवर, अलीकडे छायालेखनावरही. ध्वनिमुद्रकाचं नाव मात्र श्रेयनामावलीत येतं आणि जातं. याची खंत अधिक वाटते, कारण भारतीय बोलपटाच्या पायाभरणीत मराठी कानांचा वाटा फार मोठा आहे.

तो धागा थेट काशीशी जोडलेला आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मूकपट होता आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हाही हरिश्चंद्राचाच. दोन्ही कथा शेवटी काशीच्या स्मशानात पोहोचतात. आज हरिश्चंद्र घाटावर उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, पहिल्याने हे स्मशान नुसतं दाखवलं आणि दुसऱ्याने त्याला वाचा दिली. स्वतः फाळके भागीदारांशी बिनसल्यावर १९२०च्या सुमारास सहकुटुंब काशीला येऊन राहिले आणि इथेच त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. मूकपटाच्या जनकाने काशीत बसून लिहिलं ते संवादांचं नाटक. त्यांनी पुढे एकच बोलपट केला, १९३७चा ‘गंगावतरण’, तोही गंगेवरचा.

बोलपटाच्या आरंभीचे दिवस ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने फार कठीण होते. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’चं चित्रण बरंचसं मध्यरात्रीनंतर झालं, कारण स्टुडिओला लागून रेल्वेचे रूळ होते आणि गाड्या थांबल्याशिवाय माइक उघडता येत नसे. गाणं चित्रणाच्या वेळीच म्हटलं जाई. वादक झाडाआड, पडद्याआड लपून वाजवत. नटाने मान वळवली की आवाज पडे. या अडचणींतूनच चित्रचौकट, नटाची हालचाल आणि संवादाची लय ठरत गेली. त्या काळी कॅमेरा माइकच्या तालावर चालत होता म्हटलं तरी चालेल.

प्रभात फिल्म कंपनीत ध्वनीचं खातं विष्णुपंत दामल्यांनी अंगावर घेतलं. बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेला, यंत्र खोलून पुन्हा जोडणारा हा माणूस. याच दामल्यांनी फत्तेलालांच्या जोडीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो नावाजला गेला. त्या चित्रपटाबद्दल बोलताना भक्ती, अभिनय, ट्रिक सीन यांचा उल्लेख होतो. तो एका ध्वनिमुद्रकाने केलेला चित्रपट आहे, हे लक्षात ठेवून पुन्हा पाहा. अभंग बोलण्यातून अलगद वर येतो आणि परत बोलण्यात विरतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, ते बोट ठेवून दाखवणं अवघड जातं. १९३७ साली शांतारामबापूंनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत पूर्ण वगळलं. घड्याळाची टिकटिक, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज, दृश्यात प्रत्यक्ष वाजणारं संगीत, एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे. आज ज्याला ‘साउंड डिझाइन’ म्हणतात, त्याचा मराठीतला पहिला धडा मी ‘कुंकू’लाच मानतो.

दरम्यान कलकत्त्यात न्यू थिएटर्सने १९३५ साली पार्श्वगायनाची वाट काढली आणि आवाज आणि शरीर यांची ताटातूट झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत ती ताटातूट संवादांपर्यंत गेली. ॲरिफ्लेक्ससारखे हलके कॅमेरे हातात घेऊन कुठेही जाता येऊ लागलं, पण ते चालताना शिवणयंत्रासारखे खडखडत. मग चित्रीकरणाच्या वेळी नुसता संदर्भापुरता पायलट ट्रॅक घ्यायचा आणि नंतर नटाला अंधाऱ्या खोलीत उभं करून डबिंग करायचं, हीच रीत पडली. डबिंगला आज नावं ठेवायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. डबिंगने नटांचा श्वास चोरला हे खरं, पण त्याच काळाने ध्वनिमिश्रणाची एक मोठी परंपरा घडवली. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई बसत. ‘शोले’चं मिश्रण त्यांचं. कलकत्त्याहून सत्यजित राय आपले चित्रपट मिश्रणासाठी त्यांच्याकडे घेऊन येत. संवाद, इफेक्ट्स, संगीत असे वेगवेगळे रोल एकाच वेळी चालत आणि फेडरवर बोटं ठेवून देसाई ते पडद्याकडे बघत जुळवत. चूक झाली की रोल उलटा फिरवून पुन्हा. त्या काळी मिश्रण ही एखाद्या मैफलीसारखी, त्या वेळी त्या खोलीत घडणारी गोष्ट होती.

याच्या अगदी उलट टोकाला नाग्रा यंत्र घेऊन रस्त्यावर उतरलेले लोक होते. स्टेफान कुडेल्स्कीच्या या टेपरेकॉर्डरने १९५०च्या दशकाच्या शेवटी जगभरचा माहितीपट बदलला. खांद्याला अडकवता येणारं यंत्र, कॅमेऱ्याशी ताल राखणारा सिंक संकेत, आणि पाच इंची रिळावर पंधराएक मिनिटांची टेप. टेप मोजकी असल्यामुळे माणूस आधी ऐकायचा आणि मग बटण दाबायचा. ती सवय आता गेली.

या दुसऱ्या घराण्याचं काशीतलं सर्वात मोठं काम म्हणजे रॉबर्ट गार्डनरचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (१९८६). दीड तासाच्या या चित्रपटात निवेदन नाही, उपशीर्षकं नाहीत. एका पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतची काशी आहे. लोक जे बोलतात त्याचं भाषांतरही दिलेलं नाही, त्यामुळे भाषा न कळणाऱ्याला तेही आवाज म्हणूनच ऐकावं लागतं. त्यात वल्ह्यांची करकर आहे. लाकूड बांबूवर घासताना निघणारा तो कण्हल्यासारखा आवाज इतक्या वेळा येतो की शेवटी नाव दिसायच्या आधीच आपण तिची वाट बघू लागतो. लाकडं फोडण्याचा, ती तराजूत टाकण्याचा आवाजही असाच परत परत येतो आणि हळूहळू कळतं की ती लाकडं चितेची आहेत. कुणीही तसं सांगत नाही. कानाने दोन आणि दोन जोडलेले असतात. ज्याला ध्वनिसंकलन शिकायचंय त्याने हा चित्रपट एकदा डोळे मिटून ‘ऐकावा’, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

रायांच्या ‘अपराजितो’त (१९५६) काशी वेगळ्या तऱ्हेने वाजते. हरिहर शेवटचा श्वास घेतो आणि घाटावरची कबुतरं एकदम उडतात. तिथे मृत्यूचं दुःख रडण्यावर न सोपवता पंखांच्या फडफडीवर सोपवलेलं आहे. त्याआधीच्या ‘पथेर पांचाली’त मुलीच्या मरणाची बातमी सांगताना आईचा आक्रोश काढून तिथे तारशहनाई ठेवली होती. दोन्ही ठिकाणी निर्णय एकच आहे: काय ऐकू येऊ द्यायचं नाही. मणी कौल यांचा ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) हा तिसरा प्रकार. ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवींवरचा हा चित्रपट चरित्र सांगायला बसतच नाही. गाण्यातला सूर जसा वळतो तशी दृश्यं वळतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभातच्याच आवारात शिकलेल्या एका दिग्दर्शकाने काशीच्या गळ्याला पटकथा मानलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या पिढीत सिंक साउंड मुख्य धारेत परतला तो ‘लगान’पासून (२००१). कच्छच्या उघड्या रानात एवढ्या गर्दीसह स्थळावरचाच आवाज वापरायचा, हे त्या वेळी धाडस होतं आणि नकुल कामटे यांनी ते निभावलं. मराठीत चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. अनिता कुशवाहा यांच्या ध्वनीतून तिथलं न्यायालय आपल्याला आधी कानाने समजतं: न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात, बोटं चालतात, कुणाचं तरी आयुष्य त्या खटखटीत नोंदवलं जातं. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं. तो प्रसंग कॅमेऱ्याने टिपलेला असला तरी घडवलेला आवाजाने आहे.

आता थोडं स्वतःचं. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यावरच्या एका छोट्या माहितीपटासाठी मी एका वाड्यात आजींची मुलाखत मुद्रित करायला गेलो होतो. पंखा बंद करायला लावला. फ्रिजही बंद केला आणि आमच्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे माझ्या गाडीची किल्ली आत ठेवली, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायचं विसरायला नको. आजी दोन तास बोलल्या. हिंदीचे हेल लागलेलं त्यांचं काशीकर मराठी, मधेच थांबून चौकाकडे बघणं, सगळं सुरेख आलं. जेवून जा म्हणाल्या, आम्ही जेवलो, फ्रिज चालू केला, किल्ली घेतली, निघालो.

संकलनाला बसल्यावर लक्षात आलं की मी खोलीची शांतता घ्यायला विसरलो होतो. कुणीही न बोलता मिनिटभर नुसती खोली मुद्रित करायची असते. आम्ही तिला रूम टोन म्हणतो. दोन वाक्यांमधला शब्द कापला की तिथे भोक पडतं आणि ते भोक त्याच खोलीच्या शांततेने बुजवावं लागतं. दुसऱ्या कुठल्याही खोलीची शांतता तिथे चालत नाही. त्या वाड्याच्या शांततेत चौकातली कबुतरं होती, गच्चीवर माकडांची धप्प, फार लांबून घंटा, आणि दगडी भिंतींचा स्वतःचा असा एक गारवा होता. शेवटी आजींच्या दोन वाक्यांमधले अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे वेचून, एकमेकांत विरघळवून मी ती शांतता शिवत बसलो. दहा दिवस लागले. तोवर मी शांततेला आवाजाचा अभाव समजत होतो. त्या दहा दिवसांत कळलं की शांतता हाही एक मुद्रित करायचा आवाज आहे.

काशी हे शिकायला उत्तम ठिकाण आहे, कारण इथे सगळंच एका वेळी वाजतं. संध्याकाळी दशाश्वमेधावर आरतीचे कर्णे सुरू झाले की दोन-दोन घाट पलीकडेही स्वच्छ संवाद मिळत नाही. म्हणून घाटाचा अँबियन्स घ्यायचा तर पहाटे साडेतीन-चारला उतरायचं. हिवाळ्यात त्या वेळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर येतो. राजघाटच्या मालवीय पुलावरून जाणाऱ्या मालगाडीचा डबा न् डबा पंचगंगा घाटावर बसून मोजता येतो. गल्लीत शिरलं की सगळं बदलतं. चार-पाच फुटांवर दोन्हीकडे दगडी भिंती, त्यामुळे पावलांचा आवाज लगेच परततो आणि माणूस दिसायच्या आधी त्याची चप्पल ओळखता येते. मदनपुऱ्यात हातमागाचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. यंत्रमाग लागलेल्या घराजवळ तो नुसता एक लांबलचक खडखडाट होतो.

आणि पलीकडे रामनगर. तिथली महिनाभर चालणारी रामलीला अजूनही माइकशिवाय होते. हजारो माणसं मैदानात असतात. पात्राच्या संवादाआधी ‘चुप रहो, सावधान’ अशी हाक पडते आणि ती गर्दी खरोखर गप्प होते. मी तिथे पहिल्यांदा हेडफोन लावून उभा होतो तेव्हा ती शांतता पसरताना ऐकली: पुढून मागे, रांगेमागून रांग, वाऱ्याने पीक वाकावं तशी. कर्ण्याच्या आधीच्या काळात माणसं कशी ऐकत असतील, याचा अंदाज मला पुस्तकांतून कधीच आला नव्हता.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर याच्याशी निगडित आहे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण यंत्र आहे. बत्तीस बिट फ्लोटच्या रेकॉर्डरवर आवाजाची पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. एका कळीवर मागचा सगळा गोंगाट पुसणारी सॉफ्टवेअर आली आहेत. मी ती वापरतो, त्यांनी माझी रात्रीची जागरणं वाचवली आहेत. पण गोंगाट पुसताना ती जागाही पुसतात. अस्सीवर घेतलेली मुलाखत आणि अंधेरीच्या खोलीत घेतलेली मुलाखत एकसारखी वाजू लागते. नवे ध्वनिमुद्रक तर पुढे साफ होईलच या भरवशावर माइक कुठे धरायचा याचा विचारच करेनासे झाले आहेत. माइक एक हात पुढे सरकवला तर काय होतं, हे त्यांना कुणी ऐकवलेलंच नाही.

दुसरीकडे मूळ आवाजच बदलताहेत. वल्ह्यांच्या जागी आधी डिझेलची इंजिनं आली, गेल्या काही वर्षांत त्यांच्या जागी सीएनजीची बसली. धूर कमी झाला ते चांगलंच झालं. डिसेंबर २०२१मध्ये विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं. जिथे अरुंद गल्ल्या होत्या तिथे आता मोकळं प्रांगण आहे. भाविकांची सोय झाली. त्या गल्ल्यांतला घुमारा मात्र आता कुठल्याही माइकला मिळणार नाही. ज्यांनी तो मुद्रित केला, त्यांच्या जुन्या टेपवरच तो उरलाय. अशा टेप घरोघरी, माळ्यावर, बुरशी धरत पडल्या आहेत. हा मजकूर वाचून एखाद्याने जरी त्या उतरवून ठेवल्या तरी माझे श्रम कारणी लागतील.

या पुस्तकात यंत्रांच्या किमती, मॉडेल, तुलना असं काही सापडणार नाही. ती माहिती छापून होईपर्यंत शिळी होते. माइकचे प्रकार, बूम धरणं, लेपल लपवणं, क्लॅपपासून अंतिम मिश्रणापर्यंतचा प्रवास हे सगळं आहे, पण प्रत्येक गोष्ट एखाद्या प्रसंगातून आणि एखाद्या ठिकाणाहून सांगितलेली आहे. बरीचशी ठिकाणं काशीतली आहेत, काही पुण्या-मुंबईची. परिभाषेबाबत मी हट्ट धरलेला नाही. सेटवर ज्याला बूम म्हणतात त्याला बूमच म्हटलंय. फोली, वाइल्ड ट्रॅक, प्रीमिक्स हे शब्द आता आमच्या तोंडात मराठीसारखेच बसलेत. जिथे मराठी शब्द चपखल होता तिथे तो वापरलाय. ‘घुमारा’ हा शब्द मला ‘रिव्हर्ब’पेक्षा जास्त काही सांगतो.

साउंडचं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलंय, आणि तितक्याच आस्थेने ज्यांना फक्त सिनेमा बघायला आवडतो त्यांच्यासाठीही. पुस्तकाचा पहिला भाग हातात कोणतंही यंत्र न घेता करायचा आहे. एका जागी वीस मिनिटं बसायचं आणि ऐकू आलेलं लिहून काढायचं, जवळचं आधी, मग लांबचं. पहिल्या पाच मिनिटांत यादी संपल्यासारखी वाटते. खरी यादी त्यानंतर सुरू होते.

लिहिताना संदर्भासाठी माझी जुनी ध्वनिमुद्रणं काढून ऐकली. प्रत्येकाच्या सुरुवातीला आम्ही ठिकाण, वेळ, हवामान तोंडाने बोलून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ होत नाही. एकावर माझाच आवाज आहे: पंचगंगा घाट, पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं, वारा नाही. मग नावाडी भैया विचारतात, चलें? मी काही बोललेलो नाही, मान हलवली असणार. त्यानंतर अकरा मिनिटं फक्त वल्ही आहेत.